तुळजोजीमामा आणि ओहायोचं छप्पर

तुळजोजीमामा कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघतात. यजमान दारात 'या, या' म्हणत उभा असतो, आतून घरची बाई हात पुसत बाहेर येते, आणि मामा मात्र अंगणात मान मागं टाकून छपराकडं पाहत उभे. ओठ हलत असतात. नव्या माणसाला वाटतं, पाहुणा काहीतरी स्तोत्र म्हणतोय. मग मान खाली येते आणि मामा हात जोडून म्हणतात, "सहाशे तीस. पुढचं पाखं. मागचं बघून सांगतो."

हा कौलांचा आकडा. एका ओळीत बेचाळीस, ओळी पंधरा. छपराच्या एका उताराला पाखं म्हणतात, हे म्हैसूरच्या आमच्या गल्लीत तरी सगळ्यांना मामांमुळेच कळलं. तब्येत कशी आहे, मुलं काय करतात, हे प्रश्न नंतर येतात. कधी कधी येतही नाहीत.

त्यांचं पूर्ण नाव तुळजोजीराव माने. पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर होते. त्यांच्या चुलत भावांच्या घरी अजून एक गंजकी तलवार कपाटात ठेवलेली आहे आणि दसऱ्याला तिची पूजा होते. मामांच्या घरी दसऱ्याला पूजेला मोजायची टेप असते. सरकारी बांधकाम खात्यात त्यांची सगळी नोकरी अंदाजपत्रकं करण्यात गेली. शाळा, वसतिगृहं, विश्रामगृहं, गुरांचे दवाखाने. मामांनी स्वतः एक कौल कधी बसवलं नाही. किती लागतील ते सांगितलं. त्यांच्या मते हे जास्त अवघड काम आहे, कारण बसवणाऱ्याच्या समोर छप्पर असतं, सांगणाऱ्याला ते डोक्यात धरावं लागतं.

ते माझे मामा नव्हेत. कृष्णमूर्तिपुरमच्या आमच्या दोन गल्ल्यांत ते सगळ्यांचेच मामा आहेत. उंच, सडपातळ, आता शहात्तर वर्षांचे. हातात बाराही महिने छत्री. तिच्या दांड्यावर पांढऱ्या रंगाचे पट्टे मारलेले आहेत, दर तीन इंचांवर एक. ती छत्री पावसात उघडलेली मी पाहिलेली नाही. पट्टे भिजतात म्हणून.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे. "जमीन खोटं बोलते." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यात काही तत्त्वज्ञान आहे असं वाटलं होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस, मला असं वाटतं. पण मामांना एवढंच म्हणायचं असतं की, दहा बाय दहाची खोली जमिनीवर शंभर फूट भरते, पण तिचं छप्पर उतरतं असतं, शिवाय भिंतीच्या बाहेर वळचणीला हातभर येतं, म्हणून ते शंभर फुटांत कधीच बसत नाही. "खोली मोजून कौलं आणणारा माणूस म्हणजे, अय्यो, पायाचं माप देऊन टोपी आणणारा!" मग छत्री भिंतीला तिरकी लावून ते चढ दाखवतात. फुटाला किती इंच, ते ठरलं की बाकी सगळं ठरलं. शंभर चौरस फुटांना आमच्याकडं कानडीत चदर म्हणतात. एका चदराला इतकी कौलं, आढ्यावरची, म्हणजे दोन पाखी मिळतात तिथली, वेगळी, तुटफूट दहाला एक. आय्तु. झालं. 'आय्तु' म्हणताना ते हात झटकतात, हाताला कौलाची लाल धूळ लागल्यासारखे.

एकदा त्यांच्या भाचीसाठी स्थळ बघायला कृष्णराजनगरला सगळे गेले होते. मीही होतो. मुलगा चांगला, नोकरी चांगली, पोहे झाले, केसरीभात झाला. मुलाचे वडील भातशेतीबद्दल सांगत होते. मामा अंगणातून आत आले आणि बसायच्या आधी म्हणाले, "आढं दोन बोटं बसलंय."

"काय?" मुलाचे वडील.

"तुमच्या घराचं आढं. मधे खाली आलंय. या घरात गेली दहा वर्षं कुणी वर चढलेलं नाही."

बहिणीनं कपाळावर हात मारला. "तुळजा, आपण मुलगा बघायला आलोय!"

"मुलगा तुम्ही सगळे बघताय की. सगळ्यांनी तेच बघायचं होय?"

स्थळ मोडलं असं परतीच्या बसमध्ये सगळ्यांनी धरून टाकलं. पण चार दिवसांनी मुलाच्या वडिलांचा फोन आला, होकाराचा. आणि शेवटी त्यांनी विचारलं, ते छत्रीवाले गृहस्थ परत कधी येतील, वाशाला वाळवी निघाली आहे. लग्नाच्या आधी मामा तिकडं तीनदा जाऊन आले. भाची आजही म्हणते की तिच्या सासऱ्यांना ती सून म्हणून पसंत नव्हती, मामाची भाची म्हणून पसंत होती.

बेट्टदपुरच्या डोंगरावर देवाला गेलो होतो तेव्हा मामा पायथ्याच्या गावातच राहिले. एका जुन्या शाळेचं छप्पर त्यांना सापडलं. आम्ही दर्शन घेऊन, घामाघूम होऊन खाली आलो तर मामा पटांगणात झाडाखाली वहीत बेरीज करत बसलेले. मी म्हटलं, "मामा, देव राहिला." ते म्हणाले, "देव कुठं जातोय? ही शाळा पुढच्या वर्षी पाडणार आहेत."

हे त्यांचं खरं दुःख आहे, पण ते दुःखासारखं बोलत नाहीत. म्हैसुरात आता कौलारू घर शोधावं लागतं. सगळीकडं स्लॅब. "गच्ची म्हणजे छप्पर नव्हे," मामा म्हणतात, "ती वर नेऊन ठेवलेली जमीन." म्हणजे खोटं बोलणारी. परवा आमच्या कोपऱ्यावर एक नवं कॉफीचं दुकान निघालं. त्यांनी स्लॅबवर शोभेची कौलं चिकटवली. मामा रस्त्यापलीकडं उभे राहून ती पाहत होते आणि दुकानाचा मालक त्यांना गिऱ्हाईक समजून हात करत होता. मामांनी तिथं अजून कॉफी घेतलेली नाही.

माझी बायको गेली त्याला आता दीड वर्ष होईल. तेरावं झाल्यावर लोक भेटायला येत राहिले. चांगले लोक, जे बोलायचं ते बोलले. मामा आले ते सरळ मागच्या अंगणात गेले. तिथं कपडे धुवायच्या जागेवर एक लहानसं कौलारू छप्पर आहे, तेवढंच आमच्याकडं उरलं आहे. मामा खालून वर बघत राहिले. "एकशे शहात्तर. फुटलेली नऊ," असं म्हणून कॉफी पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी ऑटोतून नऊ कौलं आणि एक गवंडी घेऊन आले. गवंड्याकडून ती बसवून घेतली, खालून प्रत्येक कौलाला छत्रीचं टोक लावून पाहिलं. माझ्या बायकोबद्दल ते तेव्हा एक शब्द बोलले नाहीत आणि नंतरही नाहीत. म्हणून मागच्या जूनमध्ये त्यांनी मला "वासू, रविवारी फोन धरायला ये," असं सांगितलं तेव्हा मी का, कशाला, काही विचारलं नाही. गेलो.

फोन पद्माचा. पद्मा मामांची एकुलती मुलगी, लग्न होऊन अमेरिकेत ओहायोला गेली त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली. मामा तिकडं कधी गेलेले नाहीत. आधी मामींचं आजारपण होतं, मामी गेल्यावर मामांचे गुडघे गेले. मामी होत्या तेव्हा फोन त्या घ्यायच्या. अर्धा तास मायलेकी बोलायच्या आणि शेवटी मामी ओरडायच्या, "अहो, पद्दूशी बोला!" तेव्हा मामा येऊन दोन वाक्यं बोलत. मामी गेल्यावर ती दोन वाक्यंच राहिली. दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला, तिकडं सकाळचे नऊ.

"अप्पा, ऊटा आयता?"

"आय्तु. तुझं जेवण?"

"इथं सकाळ आहे अप्पा."

"हां. औषध घेतलं मी."

"बरं."

"बरं मग."

सगळी मिळून चार मिनिटं. त्यातली दोन मामांचा चेहरा पडद्यावर आणण्यात जायची, कारण फोन हातात घेतला की मामा तो आपोआप वर धरतात आणि पद्माला आढं दिसतं. माझी नेमणूक त्यासाठीच होती. मी मधे हात घालून बसायचो. दोघांनाही बोलायचं असायचं, ते दिसायचं. पण काय बोलायचं ते मामी आपल्याबरोबर घेऊन गेल्या होत्या.

असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी पद्मा म्हणाली, "अप्पा, वरच्या खोलीत सोरतंय." गळतंय याला आमच्या घरच्या मराठीत सोरतंय म्हणतात, निम्मी क्रियापदं आम्ही कानडीतून उचललेली आहेत.

मामा खुर्चीत सरळ झाले. "कुठल्या पाख्यात?"

"पाखं म्हणजे?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मुलीचं लग्न करून दिलं, शिकवलं, सगळं केलं, आणि हे सांगायचं राहूनच गेलं, असं काहीतरी त्या पाहण्यात होतं. मग त्यांनी दोन्ही तळहात जोडून छप्पर केलं आणि पद्माला पाखं, आढं, वळचण दाखवली. तिनं तिकडं हात जोडून तसंच केलं.

"हेंचु कसले आहेत?" हेंचु म्हणजे कौलं.

"हेंचु नाहीत अप्पा. शिंगल्स असतात इथं. डांबराचं, जाड कागदासारखं. वर बारीक खडी चिकटवलेली."

"डांबराचा कागद."

"हो."

"आणि त्याच्याखाली तुम्ही झोपता."

"सगळेच झोपतात अप्पा."

"बर्फ पडतं ना तिथं?"

"पडतं की. फार."

मामांनी माझ्याकडं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर पद्मानं पुढचं सांगितलं. छप्पर सगळंच नवं घालावं लागणार. काम करणाऱ्या एका कंपनीनं अंदाज दिला आहे, अठ्ठावीस स्क्वेअर. एक स्क्वेअर म्हणजे शंभर चौरस फूट.

"काय म्हणालीस?"

"शंभर चौरस फूट. इथं छप्पर त्याच्यातच मोजतात."

मामांचा चेहरा उजळला. "वासू, ऐकलंस? अमेरिका चदरात मोजते!" त्या क्षणापासून अमेरिकेबद्दल त्यांचं मत बरंच सुधारलं. मग त्यांनी विचारलं, मोजायला कोण आलं होतं? पद्मा म्हणाली, कुणी आलं नाही. वरून, आकाशातून काढलेला फोटो असतो, त्यावरून काढतात.

"वरून?"

"हो."

"वरून चढ दिसतो का? वरून बघितलं तर सगळं सपाट. म्हणजे त्यांनी जमीनच मोजली की!"

"अप्पा, त्यांचं काहीतरी सॉफ्टवेअर असतं..."

"असू दे. टेप आहे का घरात?"

त्या दिवशी फोन चाळीस मिनिटं चालला. पद्मा घराच्या बाहेर हिरवळीवर टेप घेऊन, तिचा नवरा गिरीश टेपचं दुसरं टोक धरून, मुलगी फोन धरून. इकडं मी फोन धरून, मामा वही धरून. गिरीश बेंगळूरचा, त्याला मराठी येत नाही, त्यामुळं त्याच्यासाठी मामा कानडीत ओरडत आणि पद्मासाठी मराठीत. वळचणीपासून वळचणीपर्यंत अठ्ठेचाळीस फूट. रुंदी तीस. पद्माच्या शेजारची एक गोरी बाई कुंड्यांना पाणी घालायचं सोडून बघत उभी राहिली. पद्मानं तिला इंग्लिशमध्ये सांगितलं, "माझे वडील मोजताहेत." बाईनं इकडं तिकडं पाहिलं. पद्मानं फोन दाखवला. मामांनी छत्री वर करून नमस्कार केला.

मोजणीच्या दुसऱ्या रविवारी चढ. पद्मा माळ्यावर चढून बसली, मुलीच्या दप्तरातली पट्टी आणि पाणसळ घेऊन. अंधारात तिचा आवाज येत होता. "अप्पा, सहा इंच येतंय." "फुटाला?" "फुटाला." "परत बघ. पाणसळीतला बुडबुडा मधे आहे का?" "मधे आहे." "मग आय्तु."

तिसऱ्या रविवारी गॅरेजचं छप्पर. बावीस बाय बावीस. त्या दिवशी गिरीशनं उत्साहात शिडी लावली आणि कौतुकानं वर चढून हात केला. मामा खुर्चीतून उठले. इतका मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "इळी! इळी केळगे! पद्मा, उतरव त्याला! मला नको ते माप!" गिरीश घाबरून उतरला. मामा बराच वेळ उभेच होते. मग खाली बसून म्हणाले, "जावई आहे. छपरावर चढलेल्या जावयाचं मी काय करू?"

त्या दिवशी घरी निघताना मी त्यांची वही पाहिली. मामा कॉफीचे पेले आत ठेवायला गेले होते. बेरीज, गुणाकार, चढाचा हिशेब, तुटफुटीची दहाला एक, सगळं मांडून झालं होतं. खाली चौकटीत आकडा: चोवीस चदर. एका चदराला शिंगल्सचे तीन गठ्ठे लागतात असं पद्मानं सांगितलं होतं, म्हणून पुढं लिहिलं होतं, बहात्तर गठ्ठे. चौकटीला दोनदा रेघ. कंपनीचा आकडा अठ्ठावीस. मला वाटलं, पुढच्या रविवारी मामा विजयी वीरासारखे हा आकडा सांगतील.

चौथ्या रविवारी मामा म्हणाले, "पद्मा, ती डावी बाजू परत घे. मला संशय आहे."

पाचव्या रविवारी म्हणाले, गॅरेज घराला जिथं मिळतं तिथली खोबण राहिली. सहाव्या रविवारी वळचण भिंतीच्या बाहेर किती येते ते चारी बाजूंनी वेगवेगळं हवं होतं. मधे पद्मानं एकदा विचारलं, "अप्पा, आकडा येतोय का?" मामा म्हणाले, "येईल की. स्वल्प थांब. घाईघाईत काढलेला आकडा म्हणजे जमिनीचाच आकडा."

मला राग आला, हे कबूल करतो. वर पावसाचं पाणी गळतंय, माणसं खोळंबलीत, आकडा वहीत तयार आहे, आणि हा म्हातारा हट्टाला पेटलाय. पण फोन धरायचं काम माझं, बोलायचं नव्हे. आणि दुसरंही एक लक्षात येत होतं. पद्मा आता "ही साइड" म्हणत नव्हती. "अप्पा, वळचणीपासून घेऊ की भिंतीपासून?" असं विचारत होती. "आढ्याखालची खिडकी" म्हणत होती. टेप गुंडाळता गुंडाळता मधेच सांगत होती की गिरीशच्या ऑफिसात माणसं कमी करताहेत, मुलगी तिच्याशी नीट बोलत नाही, परवा आईची साडी नेसली तर नीट चोपून बसेना. मामा "हं, हं" करत आकडे लिहीत होते. वहीत मी पाहिलं, आकडे जुनेच होते. ते नुसती पेन्सिल फिरवत होते.

सातव्या रविवारनंतर बुधवारी मला पद्माचा फोन आला. एकट्या मला.

"काका, अप्पा जवळ नाहीत ना?"

"नाहीत. काय झालं?"

"छप्पर झालं काका. तीन आठवडे होत आले. पाऊस थांबेना, किती दिवस थांबणार? दोन दिवसांत घातलं त्यांनी."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

 "सांगितलं की झालं ना सगळं. मग रविवारी आम्ही काय बोलणार? ऊटा आयता, औषध घेतलं का, बरं मग. काका, तुम्ही पण सांगू नका. अप्पा मोजताहेत, मोजू दे."

मी हो म्हणालो. मग राहवेना म्हणून विचारलं, "किती गठ्ठे लागले गं?"

"त्यांनी चौऱ्याऐंशी आणून टाकले होते. एकाहत्तर लागले. बाकीचे परत नेले. का?"

"काही नाही," मी म्हणालो.

आता माझी पंचाईत झाली. बापानं आकडा काढून लपवला आहे, हे मुलीला माहीत नाही. मुलीनं छप्पर घालून लपवलं आहे, हे बापाला माहीत नाही. दोन्ही मलाच माहीत. ग्रंथालयात मी चाळीस वर्षं लोकांना हवं ते पुस्तक काढून दिलं, पण काहीतरी दडवून ठेवायची सवय मला नाही.

आठवा रविवार मी कसा काढला ते मलाच माहीत. पद्मा तिकडून मुलीला फोन खाली खाली धरायला लावत होती, नुसती भिंत आणि हिरवळ दिसेल अशी. जरा वर गेला की मी इकडून पडद्याच्या वरच्या भागावर अंगठा ठेवत होतो. मामा मधे बसून शांतपणे विचारत होते, "उजवीकडं किती? बरं. मागं किती?" एकदा पद्माची मुलगी फोन घेऊन वळली आणि क्षणभर सगळं छप्पर, उन्हात, पडद्यावर आलं. माझा अंगठा उशिरा पोचला. मामांनी वहीत काहीतरी लिहिलं. "बरं. साकु, पुरे आजच्यापुरतं," म्हणाले. पद्मानं हात हलवला. फोन बंद झाला.

"वासू," मामा म्हणाले, "अंगठा काढ आता."

मी काढला.

त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "ओळी सरळ बसवल्यात. वळचणीला बोटभर बाहेर काढायला पाहिजे होतं, पण असू दे. चांगलं केलंय काम."

"कुठलं काम, मामा?"

"सुम्ने नको रे, उगाच. तुला जमत नाही ते. जुनं तपकिरी होतं. हे काळं आहे. तीन रविवार झाले, मी बघतोय."

मी फोन खाली ठेवला. "तुम्ही तिला बोलला नाहीत."

"तिनं मला सांगितलं का?"

"नाही."

"मग? तिला सांगायचं नाही, तर मी कशाला बघू?"

"पण मामा, तुमचा आकडा तर तिसऱ्या रविवारीच तयार होता. मी वही पाहिली होती. दिला का नाहीत?"

मामांनी चष्मा घातला आणि सवयीनं वर पाहिलं. त्यांच्या घराचं छप्पर त्यांना पाठ आहे, मोजण्यासारखं तिथं काही नाही. मग म्हणाले, "दिला असता. मग ती म्हणाली असती, थँक्स अप्पा. मी म्हणालो असतो, बरं मग. आय्तु." हात झटकले नाहीत. "ती नवऱ्याशी कानडी बोलते. मुलीशी इंग्लिश. ऑफिसात इंग्लिश. आढं, वळचण हे ती कुणाला म्हणणार? तिची आई होती तोवर ठीक होतं. मला बाकी काही बोलता येत नाही वासू, हे एवढंच येतं."

मग मी ते सांगून टाकलं. पद्मानं मला फोन केला होता हेही, आणि आकडाही. "एकाहत्तर लागले, मामा."

त्यांनी वही मागं मागं उलटली. तिसऱ्या रविवारच्या पानावर आले. दोनदा रेघ मारलेल्या चौकटीवर बोट ठेवून बसले. चेहऱ्यावर काही दिसेल म्हणून मी पाहत होतो. काही दिसलं नाही. फक्त त्यांनी विचारलं, "अठ्ठावीस चदराचे त्यांनी आणले होते ना? चौऱ्याऐंशी?"

"हो. बाकीचे परत नेले."

"आमच्या बहात्तरातला एक उरला असता," ते म्हणाले. "एक उरायला पाहिजे." आणि वही मिटली. "तिला यातलं काही बोलू नकोस."

पुढचा आठवडाभर मामा मला दिसले नाहीत. शनिवारी कळलं की ते रोज सकाळी वरुणा गावाच्या बाजूला जाणाऱ्या बसनं जाऊन शेतांच्या कुंपणांकडेनं फिरून येताहेत. कशाला ते बसवाल्यालाही माहीत नव्हतं.

नवव्या रविवारी साडेसहाला मी फोन धरला. पद्मा टेप घेऊनच उभी होती. तिच्या मुलीनं कॅमेरा खाली धरला होता. मी अंगठा ठेवला नव्हता.

"अप्पा, आज कुठलं पाखं?"

"छपराचं राहू दे आता," मामा म्हणाले. पद्माचा चेहरा पडला, तो खाली धरलेल्या कॅमेऱ्यातसुद्धा दिसला. मामा पुढं म्हणाले, "तुमच्या मागं कुंपण आहे ना गं?"

"आहे."

"लाकडाचं?"

"हो अप्पा."

"जुनं झालं असेल."

पद्मा वळली. तिच्यामागं कुंपण दिसलं. पांढरं शुभ्र, फळ्या एका ओळीत, एका खांबाला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. ती त्या कुंपणाकडं पाहत उभी राहिली, आणि मग परत फोनकडं वळली.

"हो अप्पा," ती म्हणाली. "फार जुनं झालंय."

"दिसतंय की," मामा म्हणाले. त्यांनी वहीचं कोरं पान काढलं, पेन्सिलीचं टोक पाहिलं. "घाई नको. आज दहाच फूट घे."